सव्वीस मिलिमीटर

तुम्ही हे सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या वाचत असाल, तर अभिनंदन. दिवसभरात तुम्ही याहून उंच होणार नाही. संध्याकाळपर्यंत जवळजवळ एक सेंटीमीटर गमावून बसाल. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर अंगाच्या भारानं दबतात आणि आडवं झालं की पुन्हा फुगतात.

हे गुपित सगळ्यांना ठाऊक नसतं, पण पोलीस भरतीच्या पोरांना असतं. फुलंब्रीकडच्या एका उमेदवाराला दोघा मित्रांनी हातापायांना धरून आमच्या दवाखान्यात आडवा आणला. अपघात समजून मी स्ट्रेचरकडं धावलो, तर आडवा इसम म्हणाला, "ओ भाऊ, थांबा. मला काय झालं नाय. रात्रीपासनं उभाच राहिलो नाय मी. पहिलं मोजा, मग बोलू." जीपमध्ये गादी टाकून झोपून आला होता. मोजला. भरतीच्या अटीला पाऊण सेंटीमीटर कमी भरला. मग त्यानं उंची वाढायचं इंजेक्शन मागितलं. त्याच्या हाडांची वाढती टोकं केव्हाच मिटली होती, तिथं आता कुठल्याही इंजेक्शनचं काही चालत नाही, हे मी त्याला समजावलं. परत जाताना तो स्वतःच्या पायांनी गेला, आणि दारात वळून म्हणाला, "तुमचं काय जातंय सांगायला. तुम्ही तर दारातून वाकून येता."

खरं आहे. मी सहा फूट एक इंच. गावच्या गणपतीत नाटक बसलं की राक्षस मी, हे न विचारता ठरलेलं असायचं. आणि पोट भरण्यासाठी गेली सत्तावीस वर्षं मी, आज संभाजीनगर आणि तेव्हाचं औरंगाबाद असलेल्या या शहरात, वाढ खुंटलेल्या मुलांची उंची मोजतो. देवाचा विनोद कधी कधी जरा भडक असतो. पहिल्या दिवशी पहिलं मूल मला पाहून जे पळालं, ते थेट रिक्षात जाऊन बसलं. तेव्हापासून मी गुडघ्यांवर बसून मोजतो. मुलाला भिंतीच्या फळीपाशी उभं करायचं आणि आपण दरबारातला चोपदार व्हायचं. "महाराज, टाचा भिंतीला. महाराज, हनुवटी खाली, आकाशात शत्रू नाही. महाराज, श्वास घ्या, मुकुट येतोय." मुकुट म्हणजे डोक्यावर उतरणारी सरकती पट्टी. महाराज हसतात, अंग सैल सोडतात आणि मग मान ताठ करून उभे राहतात. त्या एका क्षणात आकडा वाचायचा. असं तीनदा.

लोकांना वाटतं, उंची मोजायला काय लागतं? भिंत आणि पेन्सिल. पण डोळ्याचा कोपरा आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत नसेल तर आकडा चुकतो. मोजे घातले तर चुकतो. सकाळी मोजलेलं मूल पुढच्या वेळी संध्याकाळी मोजलं तर चुकतो. एका आईनं मुलाला एकावर एक तीन मोजे घालून आणलं होतं. विचारलं तर म्हणाली, थंडी आहे. एप्रिल चालू होता. पट्टी केसांवर नव्हे, कवटीवर टेकली पाहिजे. त्यासाठी वेणी सोडायची, अंबाडा सोडायचा, क्लिपा काढायच्या. हा नियम मी इतक्या शिकाऊ डॉक्टरांना इतक्या अभिनयासह शिकवलाय, की त्यावर मला टाळ्या मिळत. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता औषधाचं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन ती बनवते. आईबाप बुटके म्हणून मूल बुटकं, अशी बहुतेक मुलं ठणठणीत असतात. त्यांना आमच्या डॉक्टर मॅडम "घरी जा, दूध-अंडी खा आणि शेजारणीचं ऐकू नका" असं सांगून पाठवतात. पण काही घराण्यांत त्या ग्रंथीचा दोषच पिढ्यान् पिढ्या उतरतो. रक्ताच्या तपासण्या आणि मनगटाचा एक्स-रे केला की ते कळतं. मग रोज झोपताना एक बारीक सुई टोचायची, वर्षानुवर्षं, हाडं मिटेपर्यंत. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की वाया गेलं. आणि ते इतकं महाग, की साध्या घराला विकत घेणं शक्य नव्हतं. मुंबईतला एक ट्रस्ट आमच्या काही मुलांना ते द्यायचा. अट एकच. सहा महिन्यांनी उंची कळवायची. औषध लागू पडलेलं दिसलं तर पुढचा साठा. नाहीतर तो यादीतल्या पुढच्या मुलाला. अट वाईट नव्हती. यादी लांब होती. पण त्या अटीचा सगळा भार माझ्या सरकत्या पट्टीवर यायचा.

नोकरीला चौदा वर्षं झाली असतील तेव्हा शफीक मास्टर आले. शहागंजच्या एका गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. उंची चार फूट दोन इंच. त्यांची आई तेवढीच होती. आणि बोटाला धरून आणलेला सात वर्षांचा अमान दिसायला जेमतेम चारचा. सोबत बुरख्यातल्या शबानाभाभी, हातात पिशवी, पिशवीत आजवरच्या सगळ्या दवाखान्यांचे कागद.

मास्टरांनी मला खालून वर पाहिलं. मग म्हणाले, "लंबे भाई, तुम्हारे कुर्ते में मेरे तीन निकलते."

मी म्हटलं, "आणि उरलेल्या कापडात अमानची चड्डी."

तिथून आमचं जमलं. पुढं त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा मशीन पाहिलं. पायडलवर एक लाकडी ठोकळा खिळ्यांनी ठोकलेला होता, पाय पोचावा म्हणून. त्यांच्या बापानं बनवून दिलेला. ठोकळ्याचा मधला भाग टाचेनं झिजून वाटीसारखा झाला होता. मास्टर म्हणाले, "मेरेकू इसको बडा साब नक्को बनाना. इसका पाँव बिना ठोकळे के पैडल तक पहुँचा, बस." आणि पुन्हा मशीन चालू केलं.

तपासण्या झाल्या, दोष सापडला, ट्रस्टनं औषध मंजूर केलं. पहिली सुई द्यायच्या सकाळी मी अमानला मोजला. त्याचे केस बारीक कापलेले होते, पण टाळूवर मन्नतीची चोटी होती. जन्मापासून ठेवलेली, गुंडाळून गाठ मारलेली, हिरव्या दोऱ्यानं बांधलेली. पोराची वाढ सुरू झाली की खुलदाबादच्या दर्ग्यावर जाऊन उतरवायची, असा भाभींचा बोल होता. मी हात पुढं केला, तशा त्या म्हणाल्या, "भाईसाब, उसको हात नक्को लगाओ."

आमच्याकडंही नवसाच्या केसांना परका हात लागू देत नाहीत. पुढं औषध लागू पडलं नाही तर त्या बाईच्या मनात माझा हात राहील, ही भीतीही होती. मी पट्टी अलगद चोटीवरच टेकवली. एकशे तीन पूर्णांक चार. मग स्टुलावर बसवून बसती उंची, बैठकीपासून टाळूपर्यंतची, घेतली. साठ पूर्णांक एक. शेऱ्याच्या रकान्यात 'चोटीसह' असं लिहायचं, हे माझ्या मनात होतं. पण त्या दिवशी मागं आठ-दहा शिकाऊ डॉक्टर उभे होते. अमान महाराज खुदुखुदु हसत होते. प्रयोग रंगला होता आणि रंगलेला प्रयोग मधेच थांबवून शेरा कोण लिहितो?

सहा महिने गेले. सगळं कुटुंब नवे कपडे घालून आलं. अमानच्या डोक्यावर नवी टोपी, भाभींच्या हातात डबा. "मन्नत पूरी हो गई," त्या म्हणाल्या. मास्टर म्हणाले, "पैजामे छोटे पडने लगे. मैं समझ गया. खुलदाबाद जाके चोटी उतार दिये." डब्यात मलिदा होता. मी टोपी काढून अमानला मोजला. तीनदा मोजला. मलिदा खात खात आकडा लिहिला, मागचा आकडा पाहिला आणि घास तोंडातच राहिला.

एकशे पाच पूर्णांक चार. सहा महिन्यांत दोन सेंटीमीटर. एवढा तर तो सुईशिवायही वाढत होता.

मॅडमनी कागद पाहिला. त्या कमी बोलतात. "सुई रोज दिली?"

"हौ. एक दिन नागा नहीं," भाभी म्हणाल्या.

"फ्रिज?"

"पडोसवाली के इधर. दरवाजे में रखते."

मॅडमनी औषधाच्या रिकाम्या काडतुसांची, म्हणजे सुईच्या पेनात भरायच्या नळ्यांची, पिशवी मोजून घेतली. बरोबर निघाली. मग त्या मास्टरांना म्हणाल्या, की काही मुलांना हे औषध लागू पडत नाही, आणि ट्रस्टला आहे तोच आकडा कळवावा लागेल. मास्टरांनी मान हलवली. घरी अकरा दिवसांचं औषध शिल्लक होतं. जाताना त्यांनी डबा परत नेला नाही, आणि मला तो धुवायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मास्टर पायरीवर बसलेले. काखेत जाडजूड वही. शेजारी भाभी आणि अमान.

"लंबे भाई," ते म्हणाले, "या तो तुम्हारा फीता झूठा, या मेरा."

ती त्यांची नापाची वही होती. गिऱ्हाइकांची मापं, आणि शेवटच्या पानांवर अमानची, जन्मापासूनची. पायजम्याची लांबी, सहा महिन्यांपूर्वीची आणि परवाची. फरक एक इंच एक सूत.

"सूत बोले तो इंच का आठवाँ हिस्सा," त्यांनी मला शिकवलं. मला. "करो हिसाब."

केला. पावणेतीन सेंटीमीटरच्या वर. म्हणजे पोरगा सगळा मिळून दोन सेंटीमीटर वाढला, आणि त्यातले त्याचे पायच पावणेतीन वाढले.

"तो बाकी का लौंडा सुकड गया क्या?" मास्टरांनी विचारलं. ते हसत नव्हते.

मी आधी चिडलो. एका शिंप्यानं मला मोजायला शिकवावं? त्याचा फीता कापडी, ताणला जातो; ढोपराशी सुरकुती पडते; हे सगळं मी त्याला ऐकवलं. ऐकवता ऐकवता फाइल काढली, तो कसा चूक आहे हे दाखवायला. उभ्या उंचीखाली बसत्या उंचीचे आकडे होते. ट्रस्टच्या कागदावर तो रकाना नसल्यानं ते कोणी पाहिलेच नव्हते. सहा महिन्यांपूर्वी साठ पूर्णांक एक. काल एकोणसाठ पूर्णांक आठ.

धड तीन मिलिमीटरनं कमी झालं होतं. जिवंत, खेळतं मूल धडात कमी होत नाही.

"डोक्यावर काही होतं का तेव्हा?" मी विचारलं.

"चोटी थी ना," भाभी सहज म्हणाल्या. "आपही बोले थे. भाभी, हात नहीं लगाता, ऊपर से पटिया रखता." त्यांनी अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं. "इत्ती मोटी थी."

पोर वाढलं म्हणून त्यांनी चोटी उतरवली होती. चोटी उतरवली म्हणून माझ्या फळीवर पोर वाढलेलं दिसत नव्हतं. आणि त्याच चोटीचा मलिदा मी खाल्ला होता.

आता जे लिहितोय ते मॅडमनाही अजून ठाऊक नाही. माझ्या हातात पेन होतं. त्याच शाईचं. भाभींच्या बोटांच्या अंदाजानं तीनचा शून्य करायला किती वेळ लागतो? ट्रस्टला फक्त दोन आकडे जायचे होते, आणि दुरुस्त केलेला आकडा तर खऱ्याच्या जवळचा असता. खोटंही नव्हतं धड. पेनाचं टोपण मी काढलंही.

मास्टर माझ्या हाताकडं पाहत होते. नापाच्या वहीचं एक पान उलटून त्यांनी माझ्यासमोर धरलं. एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप चुकलेलं. त्यावर एक सरळ रेघ, बाजूला नवं माप. रेघेखालचं जुनं स्वच्छ वाचता येत होतं.

"हम खोडते नहीं," ते म्हणाले. "एक लकीर मारते. पुराना दिखना चाहिए. कल कोट तंग हुआ तो मालूम तो पडे, किसकी गलती थी."

ज्याचं पोर पणाला लागलेलं, तो माणूस हे बोलत होता.

मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "गाडेकर, तुम्ही केसांवरून मोजलं?"

"हो."

"तुम्ही?"

या दुसऱ्या 'तुम्ही'नं मी जेवढा खचलो, तेवढा कुठल्या शिवीनं खचलो नसतो. त्या म्हणाल्या, "किती जाड होती ते तुम्ही आज कसं सांगणार? भाभींच्या बोटांवरून?"

तिथं मला सुचलं. अजूनही त्याचा आनंद होतो, म्हणून सांगतो. उभी उंची वजा बसती उंची म्हणजे पाय. चोटी दोन्हींत होती, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. तेव्हाचे पाय त्रेचाळीस पूर्णांक तीन. कालचे पंचेचाळीस पूर्णांक सहा. दोन पूर्णांक तीनची वाढ, आणि ती चोटी काही केलं तरी खोटी करू शकत नव्हती. धडही तेवढंच वाढलं असं धरलं, तर पोरगा साडेचारच्या वर वाढला होता. आणि चोटी निघत होती सव्वीस मिलिमीटरची. भाभींच्या बोटांतलं अंतर मी नंतर मनातल्या मनात मोजलं. फार वेगळं नव्हतं.

मॅडमनी दोनदा वजाबाकी केली. मग म्हणाल्या, "हे मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा. चूक कशी झाली ते सगळं लिहा. आणि तुमच्या चौदा वर्षांच्या नोंदी काढा. जटा, चोटी, अंबाडा, जिथं शंका असेल तिथं मला दाखवा."

पत्र लिहायला मला सबंध दुपार लागली. रजिस्टरात एकशे तीन पूर्णांक चारवर एक रेघ मारली, बाजूला 'चोटीसह; पाहा पत्र' लिहिलं, सही केली. मग जुन्या नोंदी. आणखी दोन मुलांबद्दल शंका आली; दोघांना परत बोलावून मोजलं, आकडे बरोबर निघाले, निभावलं. पण त्या दिवसांत कुठल्याही मुलासमोर माझा चोपदार बोलेना. गुडघ्यांवर बसायचो आणि गप्प मोजायचो. एका पोरीनं विचारलं, "काका, तुम्हाला बोलता येत नाही का?"

ट्रस्टकडून उत्तर नाही. रोज सकाळी मास्टरांचा फोन यायचा. "लंबे भाई, आठ बचे." "सात बचे." उरलेल्या सुयांचा आकडा सांगायचे आणि फोन ठेवायचे. कधी विचारलं नाही, की काय झालं. यादीतल्या पुढच्या मुलीचे वडीलही फुलंब्रीहून फोन करायचे. "भाऊ, आमचा नंबर लागंल का यंदा? लई वाट पाह्यली." एका फोनवर एक बाप, दुसऱ्यावर दुसरा. औषध एकच, आणि मधे माझी पट्टी. चूक नुसती आकड्याची नसते, हे मला तेव्हा कळलं; ती कोणाच्या तरी ताटात पडते.

चार सुया उरल्या तेव्हा ट्रस्टचा फोन आला. आधीचे आकडे ज्याला ठाऊक नाहीत अशा बाहेरच्या माणसानं, सकाळीच, मुलाला उभा आणि बसता मोजावा. दुसऱ्या दवाखान्यातल्या एक व्यायामोपचार करणाऱ्या बाई आल्या. मला खोलीबाहेर बसवलं. सत्तावीस वर्षांत त्या दाराबाहेरच्या बाकावर मी तेवढाच एकदा बसलोय. शेजारी मास्टर. त्यांचे पाय बाकावरून लोंबत होते, माझे गुडघे छातीशी आलेले. आतून आवाज आला, "टाच टेकव बाळ."

"डरता नहीं वो," मास्टर म्हणाले. "मैं डरता."

बाईंचे आकडे माझ्या आकड्यांशी एका मिलिमीटरच्या फरकानं जुळले. दोन दिवसांनी ट्रस्टचा होकार आला. सोबत अट, की यापुढं या दवाखान्यात प्रत्येक मूल दोघांनी वेगवेगळं मोजायचं. आजही तसंच चालतं. शिकाऊ डॉक्टरांना वाटतं, ती आमची शिस्त. औषधाचा थर्माकोलचा खोका आला तेव्हा मास्टरांच्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये एक सुई उरली होती.

फुलंब्रीच्या मुलीचा नंबर पुढच्या वर्षी लागला. ती वाढली, पण हातातून गेलेलं ते वर्ष तिला कोणी परत दिलं नाही. त्यात माझी चूक नव्हती, असं मॅडम म्हणतात. तिचे वडील आजही भेटले की बोलतात, पण मी त्यांना चोटीची गोष्ट सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी कुर्ता शिवायला, उन्हाची टोपी घालून, शहागंजला गेलो. दुकानात आता दोन मशिनं आहेत. मास्टर त्यांच्या जुन्या मशीनवर, ठोकळ्यासह. दुसऱ्याच्या पायडलला ठोकळा नाही, आणि त्यावर कापड टाकून ठेवलेलं. मी विचारलं, अमान कुठंय?

"चिकलठाणे में. कारखाने में लग गया," मास्टर म्हणाले. "पाँव पैडल तक पहुँचा, और वहाँ रुकाच नहीं." रागावल्याचा आवाज त्यांनी काढला, पण मी नाटकातला माणूस आहे, मला ते पटलं नाही. मग ते स्टुलावर चढले, माझ्या खांद्यांना फीता लावला आणि म्हणाले, "टोपी उतारो, लंबे भाई."

"कुर्त्याला डोकं कशाला मोजायचं?"

"कुर्ते कू नहीं," ते म्हणाले. वहीचं शेवटचं पान काढलं. अमानची मापं जिथं संपत होती, त्याखाली माझं नाव लिहिलं आणि मला भिंतीला टाचा लावायला सांगितलं. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, अंथरुणातली उंची थोडी उतरली होती. मी टोपी काढली.